झाडलेले, पण रिकामे घर



काही महिन्यांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एका आजोबांना आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार देण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या घरच्यांना विचारूनच हे लिहीत आहोत. आजोबांची उमेदीची वर्षे गिरणीत गेली आणि गिरणी बंद पडल्यावरची हातमागावर. त्या दिवशी त्यांच्या खाटेभोवती सहा माणसे होती आणि सहाही जणांच्या हातात फोन होता. प्रेम नव्हते असे मुळीच नाही. एक मुलगा पुण्याच्या बहिणीला कळवत होता, दुसरा रक्ताच्या तपासणीचा कागद कुणाला तरी पाठवत होता, सून नातेवाइकांच्या चौकशीला उत्तरे देत होती. नातू मात्र कोपऱ्यात बसून खेळ खेळत होता. त्याला तरी काय बोलणार? बाकीचे काय करत होते ते त्याला दिसत होतेच.

आजोबांची बोटे चादरीवर सारखी हलत होती. अंगठा आणि शेजारचे बोट एकमेकांवर चोळल्यासारखी. सुनेला वाटले, चादर टोचते आहे, म्हणून तिने ती नीट केली. बोटे थांबली नाहीत. मग थोरला मुलगा हळूच म्हणाला, "फादर, ते धागा सांधायलेत बघा." मागावर धागा तुटला की दोन्ही टोके जुळवून बोटांनी असाच पीळ देतात.

आम्ही तेल लावायला वाकलो. आजोबांनी ओठ हलवले, काही तरी सांगायचे होते. आणि त्याच क्षणी आमच्या झग्याच्या खिशात फोन थरथरला. बंधुभगिनींनो, आम्ही तो काढला आणि पाहिला. कुणीतरी गुलाबाचे फूल पाठवले होते, वर 'शुभ दुपार' असे लिहिले होते. पाठवणाऱ्याचा काही दोष नाही. आम्ही पुन्हा वाकलो तोवर आजोबांनी डोळे मिटले होते. दोन दिवसांनी ते देवाघरी गेले. त्यांना काय सांगायचे होते ते आम्हाला कधीच कळणार नाही.

हे आम्ही पापनिवेदनात सांगितले आहे. इथे पुन्हा सांगण्याचे कारण एवढेच की, या वेदीसमोरून आम्ही तुमच्या मुलांना फोन सोडायला कितीदा तरी सांगितले आहे. तुम्हीही माना डोलावल्या आहेत. आता मात्र उपदेश करण्याचा आमचा अधिकार थोडा कमी झाला आहे, म्हणून उपदेशाऐवजी आपण सगळे मिळून या गोष्टीचा विचार करू.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती साधारण तीन हजारांची, बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यात काम करणारे. २०२२ साली या गावाची बातमी देशभर झाली, परदेशातही गेली. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या, तेव्हा मुलांच्या हाती अभ्यासासाठी फोन आले. शाळा उघडल्या, मुले वर्गात परतली, पण फोन काही हातातून सुटेना. शिक्षकांच्या लक्षात आले की शाळेआधी फोन, शाळेनंतर फोन, आणि मध्ये मुले मरगळलेली. मोठी माणसेही आपापल्या पडद्यात गुंतलेली. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे मांडला तेव्हा पुरुष मंडळींनी तो हसण्यावारी नेला. मग बायका एकत्र आल्या. आपणही मालिका पाहण्यात फार वेळ घालवतो, हे त्यांनी आधी स्वतःविषयी कबूल केले. १४ ऑगस्टला सभेत ठराव झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि फोन बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला हवे त्याने सुरू करावे. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून आठवण करून देत.

या गोष्टीतली दोन माणसे आम्हाला पुन्हा पुन्हा आठवतात. एक, ज्यांनी हसून विषय टाळला ते. आणि दुसऱ्या, ज्यांनी मुलांवर बोट ठेवण्याआधी स्वतःचे सांगितले त्या. पश्चात्ताप कसा सुरू होतो हे शिकवायला त्या बायकांना कुणा धर्मगुरूची गरज पडली नाही.

सोलापूरला भोंग्याचे नवल वाटू नये. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिलाच पुढे सगळे जुनी मिल म्हणू लागले. मग लक्ष्मी-विष्णू आली, नरसिंग गिरजी आली. आपल्यातल्या पन्नाशी-साठीच्या मंडळींना अजून आठवते, पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, दुसऱ्याला डबा हातात घेऊन माणूस दाराबाहेर पडायचा. ते दिवस काही सोन्याचे नव्हते. कापसाची धूळ छातीत घेऊन कितीजण अकाली गेले, हे आपल्या दफनभूमीत फिरले तरी कळते. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, भोंगे थांबले. आज प्रत्येकाच्या खिशात एकेक भोंगा आहे. तो दिवसभर वाजतो, पण कामावर बोलावत नाही आणि सुट्टीही देत नाही.

म्हणून वडगावचे उदाहरण घेऊन आपणही एक भोंगा वाजवावा, फोन बंद करावेत, आणि प्रश्न सुटला, असे म्हणता येईल का? इथे आम्हाला लूकच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायातला एक दृष्टान्त अडवतो. प्रभू येशू सांगतो की एका माणसातून अशुद्ध आत्मा निघून जातो, निर्जल प्रदेशात विसावा शोधत भटकतो, कुठे मिळत नाही म्हणून आपल्या जुन्या घरी परततो. पाहतो तर घर झाडून-पुसून, सजवून ठेवलेले. मत्तयाने हीच गोष्ट सांगताना आणखी एक शब्द घातला आहे, की ते घर रिकामे होते. मग तो आत्मा आपल्याहून दुष्ट असे आणखी सात सोबती घेऊन येतो आणि तिथे मुक्कामच ठोकतो.

हे घर आपल्या ओळखीचे आहे. मागे एका प्रायश्चित्तकाळात आपल्या काही कुटुंबांनी फोनचा उपवास केला होता. मांसाहार सोडण्याऐवजी संध्याकाळी फोन सोडायचा. संकल्प चांगला होता, पाळलाही निष्ठेने. पण त्या चाळीस दिवसांत संध्याकाळी काय केले असे विचारल्यावर एक तरुण प्रामाणिकपणे म्हणाला, "फादर, घड्याळ पाहिलं." पास्काच्या सणाच्या दिवशी दुपारी बिर्याणी होण्याआधीच सगळे फोन बाहेर आले, आणि पुढचा आठवडाभर चाळीस दिवसांची थकबाकी वसूल करणे चालू होते. सात सोबती आले ते असे. आम्ही त्या तरुणाला हसत नाही. त्याने घर झाडले होते. त्यात कुणाला राहायला आणायचे, हे आम्ही त्याला सांगायला विसरलो होतो.

घड्याळाची गोष्ट फार जुनी आहे. इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात जे तपस्वी राहत, त्यांच्यात एवाग्रियस नावाचे एक होते. ३९९ साली ते वारले. त्यांनी एका दुष्टात्म्याचे वर्णन केले आहे, त्याला ते दुपारचा सैतान म्हणतात. हा सकाळी दहाच्या सुमारास तपस्व्याला गाठतो आणि दुपारी दोनपर्यंत सोडत नाही. सूर्य जागचा हलतच नाही असे वाटायला लावतो, दिवस पन्नास तासांचा झाल्यासारखा. तपस्वी सारखा खिडकीकडे पाहतो. बाहेर जाऊन सूर्य कुठवर आला ते पाहतो. कुणी बंधू भेटायला येतो आहे का, म्हणून इकडे तिकडे मान वळवतो. मग त्याला आपली खोली नकोशी होते, हाताचे काम नकोसे होते, सोबतच्या लोकांत प्रेम उरले नाही असे वाटू लागते. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला फोन ठाऊक नव्हता. पण दर दोन मिनिटांनी पडदा उजळवून कुणाचे काही आले का पाहणारा आपला अंगठा त्याला लगेच ओळखू आला असता. खिडकी तेवढी तळहातावर आली आहे.

त्याच वाळवंटातले संत अंतोन, ज्यांना आपण तपस्व्यांचे पिता मानतो, तेही या कंटाळ्याने एकदा हैराण झाले होते. त्यांनी देवाला विचारले, माझे तारण व्हायचे तरी कसे? मग बाहेर आल्यावर त्यांना आपल्यासारखाच एक माणूस दिसला. तो बसून दोर वळत होता. थोड्या वेळाने उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोर वळू लागे, पुन्हा उठून प्रार्थना करी. तो देवदूत होता, आणि असेच कर म्हणजे तरशील, एवढेच त्याने सांगितले. एवढ्या मोठ्या संताला देवाने दाखवला तो दोर वळणारा माणूस, हे आम्हाला फार दिलासा देणारे वाटते. ज्यांचे आईवडील मागावर बसले त्यांना तर ते अधिकच जवळचे वाटावे.

आजोबांच्या अंत्यविधीनंतर आम्ही त्यांच्या थोरल्या मुलाशी बराच वेळ बोलत बसलो. आम्ही विचारले, दिवसाचे दहा तास तेच ते काम, धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, वडिलांना कंटाळा यायचा नाही का? तो म्हणाला, "कंटाळा यायला सवड कुठली? लक्ष हटलं की धागा तुटलेला दिसत नाही, आणि नाही दिसला तर तेवढी चादर वाया." मग त्याने सांगितले की वडील मागाचा आवाज ऐकून सांगायचे, कुठे काही बिघडले आहे ते. मागावरून उठले की थकलेले असत, पण चिडलेले क्वचितच. आणि स्वतःविषयी म्हणाला, "मी दुकानात दिवसभर गिऱ्हाईक नसलं की फोन बघत बसतो फादर. काही केलेलं नसतं, तरी रात्री अंगात त्राण नसतं."

दहा तास माग चालवून न चिडलेला बाप, आणि दिवसभर बसून दमलेला मुलगा. याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला. हे पापाच्या आधीचे आहे. घाम आणि काटे नंतर आले, काम आधीच दिलेले होते. माणूस एखाद्या कामात पूर्ण उतरतो, हात, डोळे, कान सगळे एका ठिकाणी येतात, तेव्हा तो स्वतःला विसरतो आणि विसरूनही हरवत नाही. उठतो तेव्हा भरलेला असतो. फोनमध्येही आपण स्वतःला विसरतो, हे खरे आहे. पण तिथून उठताना हाती काही नसते, आणि दोन तास कुठे गेले म्हणून आपण स्वतःवरच रागावतो.

गैरसमज नको म्हणून सांगतो. जे कष्ट पोटासाठी नाइलाजाने करावे लागतात, त्यांचे गोडवे आम्ही गात नाही. पूर्वभागातल्या ज्या भगिनी मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात, त्यांना कामात तल्लीन व्हा असे सांगायला आम्ही गेलो तर त्या आम्हाला दारातून परत पाठवतील, आणि बरोबर करतील. त्यांना मजुरी नीट मिळावी आणि त्यांच्या फुप्फुसांना स्वच्छ हवा मिळावी, ही वेगळी आणि मोठी प्रार्थना आहे. रात्री नऊला पाठ टेकल्यावर अशा बहिणीने अर्धा तास हसवणारे काही पाहिले, तर त्यात आम्हाला पाप दिसत नाही.

फोनलाही आम्ही सैतान ठरवत नाही. २०२० च्या मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली तेव्हा याच पडद्यावर आपण मिस्सा पाहिली, याच फोनवर आपल्या माणसांचा शेवटचा आवाज ऐकला. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्या दोन तरुणांना संत म्हणून घोषित केले, त्यातला कार्लो अक्युटिस तर संगणकातच वाढलेला मुलगा. २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने तो गेला, त्याआधी जगभरातल्या पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांची माहिती त्याने संगणकावर मांडली होती. हाच मुलगा व्हिडिओ खेळ आठवड्यातून एकच तास खेळायचा, असा त्याने स्वतःला नियम घातला होता. आणि उरलेल्या वेळात? रोजची मिस्सा, मित्र, कुत्री-मांजरे, रस्त्यावरच्या बेघरांना जेवण. त्याचे घर रिकामे नव्हते. त्याच्याबरोबर संत झालेला पिएर जॉर्जो फ्रास्साती हा तर डोंगर चढणारा गडी. तो तुरीन शहरातल्या गरिबांच्या खोल्यांतून फिरायचा आणि १९२५ साली चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला.

पण इटलीपर्यंत कशाला जायचे? आपल्या आवारात डिसेंबर महिन्यात काय होते ते आठवा. गव्हाण उभारायची म्हणून पंधरा-वीस पोरे संध्याकाळी जमतात. कुणी कडबा आणतो, कुणी पोत्याला चुना फासून डोंगर करतो, कुणी दिव्यांच्या वायरी जोडतो. यावरून भांडणेही होतात, मेंढ्या डावीकडे की उजवीकडे यावर मागच्या खेपेला दोघांनी दोन दिवस अबोला धरला होता. त्या दिवसांत आम्ही एक गोष्ट पाहिली आहे. सगळ्यांचे फोन बाकावर एका रांगेत पडलेले असतात. कुणी सांगितलेले नसते. हाताला चुना आणि डिंक लागलेला असतो, एवढेच. फोन वाजतो, कुणी तरी ओरडतो, "अरे तुझा वाजतोय," आणि ज्याचा असतो तो म्हणतो, "वाजू दे." नाताळच्या करंज्या करायला बसलेल्या आपल्या आया-बहिणींचेही तेच. पिठाचे हात, समोर सारणाची परात, आणि गप्पा अशा की दुपार सरल्याचे कळत नाही. गायनमंडळात नव्याने पेटी शिकणारी एक मुलगी आहे. तिची आई तक्रार घेऊन आली की ही आता अभ्यासाच्या वेळीही टेबलावर बोटे चालवते. आम्ही म्हटले, बाई, चालवू द्या.

प्रभू येशू नाझरेथमध्ये सुतार म्हणून ओळखला जात होता, मार्कच्या सहाव्या अध्यायात लोक त्याला याच नावाने हिणवतात. तीस वर्षांपैकी बहुतेक वर्षे त्याने लाकूड आणि हत्यारे यांच्या सोबत काढली, आणि त्या वर्षांविषयी शुभवर्तमानात जवळजवळ काहीच नाही. पौल करिंथला गेला तेव्हा अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचे काम करत होता. जपमाळ तरी काय आहे? ती हातातच धरावी लागते. मन पळते, पण बोटे मण्यावर असतात आणि मनाला परत बोलावतात. आजोबांची बोटे शुद्ध हरपत असतानाही धागा सांधत होती. आयुष्यभर ज्यात जीव ओतला ते शेवटी हातात उरले होते. आमची बोटे त्या वेळी खिशाकडे गेली. आपली वेळ येईल तेव्हा आपली बोटे चादरीवर काय करत असतील, हा विचार तेव्हापासून आमची पाठ सोडत नाही.

आता ठरले आहे ते असे. धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत यावर बोलणे झाले, वडगावसारखेच सुरुवातीला हसणेही झाले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून संध्याकाळी सात वाजता चर्चची घंटा वाजेल आणि आठ वाजता पुन्हा वाजेल. सक्ती कुणावरही नाही, कुणाच्या घरी पाहायलाही येणार नाही. रात्रपाळीवाल्यांनी, दुकानदारांनी आपापली वेळ ठरवावी. फक्त फोन बंद करण्याआधी त्या तासात काय करणार हे घरी बसून ठरवा, आणि ते हाताने किंवा माणसांबरोबर करायचे काही असू द्या. शेजारच्या आजारी माणसाकडे जाणेही त्यात आले.

ज्यांना घरी जागा नाही किंवा सोबत नाही, त्यांच्यासाठी सभागृह उघडे राहील. सोमवारी आणि गुरुवारी पेटी-तबला. बुधवारी शिलाई, एका भगिनीने आपले जुने मशीन दिले आहे, त्याचा पट्टा बदलायचा आहे, कुणाला येत असेल तर कळवा. मंगळवारी आजोबांचा थोरला मुलगा येणार आहे. वडिलांचा एक लहान माग त्याने माळ्यावरून काढला आहे, तो सभागृहाच्या कोपऱ्यात बसवून देईल. ज्या मुलांना शिकायचे आहे त्यांनी नावे द्यावीत. पहिले नाव त्याच्या स्वतःच्या मुलाचे आले आहे, जो त्या दिवशी कोपऱ्यात खेळत बसला होता.

त्या तासात आमचाही फोन कार्यालयाच्या कपाटात असेल. कुणी अत्यवस्थ असेल तर कार्यालयातला साधा फोन चालू आहे, किंवा सरळ येऊन दार वाजवा. आम्ही लगेच निघू, आणि येताना तो कपाटातला फोन सोबत आणणार नाही.